कल्याणमित्र : वयाच्या पलीकडची मैत्री



या वेळच्या अभ्यासपाठाचा विषय कल्याणमित्रता हा आहे. हा शब्द आपण विहारात, शिबिरात, अभ्यासवर्गात अनेकदा ऐकतो. म्हणून या पाठात त्याची एकच बाजू घेऊ आणि ती नीट पाहू. अडचणीत सापडलेले एखादे मूल आणि वयाने खूप मोठी असलेली व्यक्ती यांच्यात खरी मैत्री होऊ शकते का? झाली, तर ती कशी असते?

या संकेतस्थळासाठी भाषांतर करताना 'कल्याणमित्र' हा शब्द आला की मी थोडी थांबते. मराठीत मित्र म्हटले की बरोबरीचा माणूस डोळ्यांसमोर येतो. शाळेतला, गल्लीतला, आपल्याच वयाचा. तीस-चाळीस वर्षांनी मोठ्या माणसाला आपण मित्र म्हणत नाही. काका म्हणतो, आजोबा म्हणतो, सर किंवा गुरुजी म्हणतो. त्यामुळे ते नाते आदराचे होते, कधी धाकाचे होते, पण मैत्रीचे क्वचितच होते. धम्मात मात्र मित्र या शब्दाला वयाची अट नाही. ज्याच्या सहवासात आपल्यातले कुशल वाढते, तो कल्याणमित्र.

लखनौचे विहार

लखनौच्या लालकुआँ भागात रिसालदार पार्क येथे एक बुद्धविहार आहे. भदंत बोधानंद महास्थविर यांनी ते १९२५ मध्ये उभे केले. बोधानंदांचा जन्म १८७४ मध्ये एका बंगाली ब्राह्मण कुटुंबात झाला. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले आणि ते वाराणसीत नातेवाइकांकडे वाढले. वयाच्या चाळिसाव्या वर्षी, १९१४ मध्ये, कोलकात्यात कृपाशरण महास्थविरांकडून त्यांनी भिक्खू-दीक्षा घेतली. त्यानंतर ते लखनौत आले आणि १९१६ मध्ये त्यांनी भारतीय बौद्ध समिती स्थापन केली. उत्तर भारतात त्या काळी बुद्धाचे नाव घेणारी माणसे शोधावी लागत. अशा काळात बोधानंद लखनौत पाय रोवून राहिले. ज्यांना समाजाने दूर ठेवले होते, त्यांच्यात बसले, त्यांच्यासाठी त्यांनी पुस्तके लिहिली.

१९४२ मध्ये श्रीलंकेतून एक मुलगा या विहारात आला. पंधरा वर्षांच्या आतबाहेरचे वय. घर समुद्रापलीकडे, भाषा वेगळी, जेवण वेगळे, हवा वेगळी. लंकेच्या हिरव्या, दमट हवेत वाढलेल्या मुलाला लखनौची डिसेंबरातली थंडी आणि मे महिन्यातली लू कशी वाटली असेल, याचा विचार आपण करू शकतो. बोधानंद तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. दोघांच्या वयात पन्नास वर्षांहून अधिक अंतर. एकाचे आई-वडील लहानपणीच गेलेले, दुसऱ्याचे हजारो मैल दूर. त्या वृद्ध भिक्खूच्या छायेत हा मुलगा वाढला. पुढे तो भदंत गलगेदर प्रज्ञानंद महास्थविर म्हणून ओळखला गेला.

१९५२ मध्ये बोधानंदांचे निधन झाले. प्रज्ञानंद तेव्हा पंचविशीत होते. मायदेशी परत जाण्याचा रस्ता मोकळा होता. पण त्यांनी भारत सोडला नाही. लखनौचे ते विहार हीच त्यांची ओळख झाली आणि २०१७ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांनी लखनौतच शेवटचा श्वास घेतला. मुलगा म्हणून ज्या शहरात आले, पंच्याहत्तर वर्षांनी त्याच शहरात त्यांचे आयुष्य संपले.

या गोष्टीकडे आपण पाठाच्या शेवटी परत येऊ. त्याआधी बुद्धवचनाकडे वळू.

अर्धे नव्हे, संपूर्ण

संयुत्त निकायात एक छोटे सुत्त आहे. आनंद बुद्धांकडे येतात आणि आपल्या मनातला विचार सांगतात. त्यांना वाटत होते की चांगल्या मित्रांची सोबत म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग. बुद्ध त्यांना थांबवतात. असे म्हणू नकोस, ही सोबत म्हणजे संपूर्ण धम्मजीवनच आहे, असे ते सांगतात. ज्याला कल्याणमित्र लाभला, तो अष्टांगिक मार्गावर चालेल अशी अपेक्षा ठेवता येते.

आनंदांचे म्हणणे काही चुकीचे वाटत नाही. अर्धी मेहनत आपली, अर्धी सोबत मित्रांची, हा हिशेब आपल्यालाही पटतो. मग बुद्ध त्याला नकार का देतात? एक उत्तर असे देता येईल. जी मेहनत आपण 'आपली' म्हणतो, ती करता येते हा विश्वाससुद्धा कुणीतरी आपल्याला दिलेला असतो. हे लहान मुलाच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. ज्या मुलाला सगळे जग 'तुला जमणार नाही' असे सांगत असते, त्याला 'जमेल' असे सांगणारा एक माणूस भेटला नाही, तर त्याची अर्धी मेहनतही सुरू होत नाही.

चर्नी रोडच्या बागेतला मुलगा

आपल्या महाराष्ट्रात अशी एक मैत्री झाली, आणि तिचे ऋण आपण सगळेच वाहतो आहोत.

विसाव्या शतकाची पहिली वर्षे. मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब राहत होते. त्याच खोलीत चूल, सरपण, भांडीकुंडी आणि माणसे. धूर आणि दाटीवाटी. भीमरावांची आई ते लहान असतानाच गेली होती. मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून रामजींनी एक युक्ती काढली. भीमाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवायचे आणि आपण झोपायचे. चिमणी नसलेल्या मिणमिणत्या दिव्यापुढे मुलगा वाचत बसे. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजी आपल्या विवाहित मुलींकडून उसने आणत.

घरची अडचण ही अशी. शाळेतली अडचण त्याहून खोल होती. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये एकदा शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तर वर्गात गलका झाला, कारण फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे होते. मुलांनी धावत जाऊन आधी डबे हलवले. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण अस्पृश्य म्हणून ते शिकवायला नकार मिळाला आणि फारसी घ्यावी लागली. असे मूल शाळा सुटल्यावर कुठे जाईल? घरात जागा नाही, वर्गात माया नाही. भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत.

त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर येत. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे, १८६० मधला जन्म, विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक, मराठीतले नावाजलेले चरित्रकार. पुढे ज्यांच्या शिवचरित्राने मोठे नाव मिळवले, ते हेच केळुसकर गुरुजी. वयाने ते भीमरावांपेक्षा एकतीस वर्षांनी मोठे होते. केळुसकर म्हातारे नव्हते, हे खरे. पण शाळकरी मुलाला पंचेचाळिशीचे, नाव कमावलेले गुरुजी केवढे मोठे वाटतात हे आपण सगळे जाणतो. त्यात जातीची भिंत मधे होतीच.

रोज त्याच जागी पुस्तकात डोके घालून बसणारा हा मुलगा केळुसकरांच्या नजरेत भरला. त्यांनी जवळ जाऊन चौकशी केली. कोण, कुठला, काय वाचतोस? मुलाने उत्तर दिले. जात कळली, तरी गुरुजी उठून गेले नाहीत. त्या दिवसापासून ते त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले, काय वाचावे ते सांगू लागले.

मैत्रीच्या चार खुणा

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात बुद्ध सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला खऱ्या मित्राचे चार प्रकार सांगतात. उपकारक, सुख-दुःखात समान राहणारा, हिताची गोष्ट सांगणारा आणि अनुकंपा करणारा. केळुसकर गुरुजींच्या वागण्याला या चार खुणा लावून पाहू.

पहिली खूण, उपकारक. असा मित्र गरज पडली की मागितल्यापेक्षा अधिक देतो, असे सुत्त सांगते. भीमराव कॉलेजात शिकत असताना रामजींची ओढाताण होऊ लागली आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा केळुसकर त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. भीमरावांचा खर्च स्वतः चालवणे केळुसकरांच्या हाती नव्हते. पण कुणाकडे जायचे हे त्यांना माहीत होते आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. आपली ओळख, आपला शब्द, आपली पत मुलासाठी खर्च करणे हेही दानच आहे.

दुसरी खूण, सुख-दुःखात समान. असा मित्र संकटात सोडून जात नाही. बागेतली ओळख शाळकरी वयातली, शिष्यवृत्ती कॉलेजातली. मधे काही वर्षे गेली. या वर्षांत गुरुजींचे लक्ष मुलावरून हटले नव्हते, म्हणून तर नेमक्या वेळी त्यांना अडचण कळली. एकदाच मदत करणारे पुष्कळ भेटतात. 'पुढे काय झाले?' हे विचारायला परत येणारा विरळा.

तिसरी खूण, हित सांगणारा. या मित्राबद्दल सुत्तात एक सुंदर गोष्ट आहे. जे आजवर कानावर आलेले नाही, ते तो ऐकवतो. भीमरावांच्या परीक्षेतल्या यशाबद्दल वस्तीतल्या लोकांनी सभा भरवली. चरित्रकार ही सभा १९०७ मधल्या मॅट्रिकनंतरची सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात ती इंग्रजी चौथीनंतरची म्हटली आहे. वर्ष कोणतेही असो, त्या सभेत केळुसकरांनी मुलाच्या हातात आपणच लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र ठेवले. रामायण-महाभारताचे वाचन त्या घरात होत होते. बुद्ध मात्र तिथे कुणी आणले नव्हते. मुलाने ते पुस्तक वाचले, त्याचा मनावर खोल परिणाम झाला आणि त्याने वडिलांना प्रश्न विचारायला सुरुवात केली.

चौथी खूण, अनुकंपा. अनुकंपा म्हटले की आपल्याला कीव आठवते. सुत्तातला अर्थ वेगळा आहे. असा मित्र आपल्या पडतीने सुखावत नाही आणि आपल्या चढतीने आनंदतो. त्या सभेची हकीकत बाबासाहेबांनीच सांगितली आहे. रामजींना सभा नको होती. मुलाने फक्त परीक्षा पास केली आहे, एवढ्याने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांना वाटे. लोक केळुसकरांकडे गेले, कारण ते रामजींचे स्नेही होते. केळुसकरांनी थोडा वाद घालून रामजींचे मन वळवले आणि सभा झाली. ज्या मुलाला वर्गात फळ्यापर्यंत जाताना गलका ऐकावा लागला, त्याच्यासाठी भर सभेत एक विद्वान माणूस चार कौतुकाचे शब्द बोलला. मुलाला मदत मिळणे ही एक गोष्ट. त्याच्या यशाचा कुणालातरी मनापासून आनंद होणे ही त्याहून मोठी.

मोठ्यांना काय मिळते?

मैत्री एका बाजूने होत नाही. मग अशा नात्यात मोठ्या माणसाला काय मिळते?

इथे थोडे स्वतःचे सांगते. अकरावी कॉमर्सला मी अकाउंट्समध्ये नापास झाले. घरी बोलायची सोय नव्हती. आमच्या विहारातल्या वाचनालयात रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा बसत. त्यांना अकाउंट्समधले काहीही येत नव्हते. ते रोज संध्याकाळी एवढेच विचारत, 'आज काय शिकलीस? मला समजावून सांग.' जमा आणि नावे त्यांना समजावून सांगता सांगता ते मला समजले. मी पास झाले, कॉलेजला गेले आणि वाचनालयात जाणे सुटले. दीड वर्षाने एका वंदनेला भेट झाली, तेव्हा कळले की ते येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना माझ्याबद्दल विचारत असत. मोतीबिंदूमुळे त्यांचे वाचन बंद झाले होते. त्यांना वाचून दाखवणारे कुणी नव्हते, आणि मी तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होते.

त्या दिवशी मला कळले की त्या संध्याकाळी केवळ माझ्या नव्हत्या, त्यांच्याही होत्या. निवृत्तीनंतर माणसाला सल्ला देणारे पुष्कळ असतात, त्याचे ऐकणारे कमी होतात आणि त्याला काही समजावून सांगणारे तर कुणीच उरत नाहीत. मुलाच्या प्रश्नाने मोठ्या माणसाचा दिवस उजळतो. म्हणून मोठ्यांनी हे नाते उपकार म्हणून करू नये, आणि लहानांनी ते ओझे म्हणून वाहू नये. आता मी रविवारी जाते आणि त्यांना वाचून दाखवते. दीड वर्ष मात्र परत येत नाही.

नागपूरचे व्यासपीठ

आता लखनौकडे परत जाऊ.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी कुशीनाराचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. त्या प्रसंगी उपस्थित असलेल्या भिक्खूंमध्ये लखनौचे प्रज्ञानंद होते. वय तिशीच्या आत. समुद्र ओलांडून एका वृद्ध भिक्खूच्या छायेत आलेला मुलगा त्या दिवशी तिथे उभा होता. आणि त्याच्यासमोर हात जोडून उभे होते पासष्ट वर्षांचे बाबासाहेब, ज्यांच्या हातात शाळकरी वयात एका गुरुजींनी बुद्धचरित्र ठेवले होते.

बोधानंद चार वर्षांपूर्वी गेले होते. केळुसकर १९३४ मध्येच गेले होते, येवल्याच्या घोषणेच्याही एक वर्ष आधी. दोघांपैकी कुणीही तो दिवस पाहिला नाही. वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवतात की प्रत्येक नोंदीला तेवढ्याच रकमेची दुसरी बाजू असते. कल्याणमित्राच्या खात्यात दुसरी बाजू त्याच्या हयातीत लिहिली जाईलच असे नाही. बाबासाहेब केळुसकरांना ते बुद्धचरित्र परत करू शकत नव्हते. त्यांनी ते पुढे दिले, लाखो लोकांना.

आपण काय करावे?

आपल्या शाखा वह्या वाटतात, दप्तरे वाटतात, गुणवंतांचा सत्कार करतात. हे चांगलेच आहे. पण वही घेऊन घरी गेलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असते? या पाठातून पुढील गोष्टी आचरणात आणता येतील.

१. एका मुलाकडे लक्ष द्या. दहा नव्हे, एक. ज्याचे नाव, इयत्ता आणि अडचण आपल्याला ठाऊक आहे असे.

२. उपदेशाआधी प्रश्न विचारा. केळुसकरांची सुरुवात 'काय वाचतोस?' अशी झाली.

३. जे आपल्याकडे सर्वांत चांगले आहे ते द्या. केळुसकरांनी स्वतःचे पुस्तक दिले. आपण सुतार असाल तर हत्यार धरायला शिकवा, परिचारिका असाल तर नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती द्या.

४. सगळे उघडपणे आणि आई-वडिलांना सांगून करा. केळुसकर आणि भीमराव बागेत भेटले, आणि सभेसाठी गुरुजी वडिलांशी बोलले. मुलाच्या सुरक्षिततेसाठी आणि आपल्या शीलासाठीही हा नियम पाळावा.

५. मुलाच्या अडचणीचा फोटो काढू नका, गटावर टाकू नका. अनुकंपेला साक्षीदार लागत नाहीत.

६. आपण तरुण असाल, तर ज्यांनी कधीकाळी आपला हात धरला त्यांच्याकडे या आठवड्यात जाऊन या. फोनवर भागवू नका.

चिंतनासाठी प्रश्न

अभ्यासवर्गात दोघा-दोघांच्या जोड्या कराव्यात. शक्य असल्यास प्रत्येक जोडीत एक जण तरुण आणि एक जण ज्येष्ठ असावा.

– 'तुला जमेल' असे आपल्याला पहिल्यांदा कोणी म्हटले? त्या वेळी आपले वय काय होते?

– मैत्रीच्या चार खुणांपैकी कोणती आपल्याला सहज जमते? कोणती जमत नाही?

– आपल्या वस्तीत शाळा सुटल्यावर मुले कुठे बसतात? तिथे आपण शेवटचे कधी गेलो होतो?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नये. ते संध्याकाळी चालत जाऊन शोधावे.

सर्वांचे मंगल होवो.